वहीतला धंदा

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर मी आणि माझ्या मित्राने मोठ्या हौसेने 'शेंगा चटणी उद्योग : प्रकल्प अहवाल' असे लिहिले होते. आत बाजारपेठेचा अभ्यास आहे, भांडवलाचा तक्ता आहे, पाच वर्षांचे अंदाजी नफा-तोटा पत्रक आहे आणि लाल शाईने काढलेला, वर वर जाणारा एक आलेखही आहे. पाचव्या वर्षी आमचा माल हुबळी, कोल्हापूर आणि पणजीला जाणार होता. एवढे सगळे त्या वहीत आहे. नाही ती फक्त चटणी! चौदा महिन्यांत आम्ही पाव किलोसुद्धा चटणी केली नव्हती.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नियोजनाचे महत्त्व पहिल्या वर्षापासून शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु नियोजन कोठे संपते आणि टाळाटाळ कोठे सुरू होते, हे मला वर्गात समजले नाही. ते घरी, थोडे पैसे आणि थोडी अब्रू खर्च करून समजले. तेच या लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो.

चटणीच का, असे कोणी विचारील. माझे वडील वडगावात घरच्या दोन मागांवर साड्या विणतात. सूत महागले किंवा मागणी घटली की माग थांबतात, आणि माग थांबले की घर थांबते. म्हणून घरात दुसरी काही मिळकत असावी, असे मनात होते. आईच्या हातची शेंगा चटणी सगळ्या गल्लीत नावाजलेली. तेव्हा धंद्याची निवड अवघड नव्हती.

अवघड होते ते पुढचे पाऊल. पहिले तीन महिने आमचे नाव ठरवण्यात गेले. त्यानंतर लेबलाचा रंग. मग मुद्रा योजनेची माहिती मिळवली. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेत 'शिशु' गटाला पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते, हे आम्हाला तोंडपाठ झाले. पण बँकेची पायरी काही चढलो नाही. यशस्वी उद्योजकांची भाषणे आम्ही मोबाईलवर रात्र रात्र ऐकली. प्रत्येक भाषणानंतर वहीत दोन पानांची भर पडे. एके दिवशी मित्राला पुण्यात नोकरी लागली. 'वही तुझ्याकडेच राहू दे,' असे म्हणून तो गाडीत बसला.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. त्या ज्वारीची कडक रोट्टी करून विकतात. त्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळ एक परात, एक तवा आणि चूल एवढेच होते. पहिल्या दिवशी पन्नास रोट्ट्या केल्या आणि जवळच्या खानावळीत नेऊन दिल्या. खानावळवाला म्हणाला, जाड आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पातळ केल्या. आज सणासुदीला त्यांच्या हाताखाली चार बायका असतात. मी अंगणात वही घेऊन बसलेलो असताना एकदा त्या कट्ट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तम्मा, पुस्तक आतु, चटणी एल्ली?" म्हणजे, पुस्तक तर झाले, चटणी कुठे आहे?

मी काहीतरी उत्तर दिले, पण रात्री झोप लागली नाही. 'बाजारात तुरी' ही म्हण आपण दुसऱ्याला सांगतो. ती आपल्यालाही लागू पडते, हे त्या दिवशी कळले.

आता प्रश्न असा की, शिकलेली मुले वहीतच का रमतात? मला तीन कारणे दिसतात. एक म्हणजे, वही कधी नाही म्हणत नाही. दुकानदार नाही म्हणतो, गिऱ्हाईक तोंड वाकडे करते, उधारीवाला चुकवतो. कागदावरचे गिऱ्हाईक मात्र मागू ती किंमत देते. दुसरे कारण असे की, लिहिल्याने काम केल्याचे समाधान मिळते. चार तास तक्ते आखून उठलेल्या माणसाला आपण आळशी आहोत असे वाटतच नाही. आणि तिसरे कारण, जे कबूल करायला जड जाते, ते म्हणजे भीती. 'बी. कॉम.चा मुलगा चटणी विकत फिरतो' असे कोणी म्हणेल, ही भीती. अहवाल जितका जाड, तितका तो दिवस लांब.

यावर आमच्या वडिलांचे एक साधे बोलणे मला फार पटले. ते म्हणाले, "नक्षी कागदावर कशीबी काढता येते. सूत कुठं तुटतंय ते माग सांगतो." मित्रहो, धंद्यातही दोन प्रकारची माहिती असते. कच्च्या मालाचा भाव, नोंदणीचे नियम, कर्जाचे व्याज ही माहिती बसल्या जागी मिळते. पण गिऱ्हाईक कोण, ते किती पैसे देईल, पुन्हा मागेल की नाही, आणि माल कोठे बिघडतो, ही माहिती माल हातात घेऊन बाहेर पडल्याशिवाय मिळत नाही. पहिल्या प्रकारच्या माहितीने दुसरीची जागा भरून काढायचा प्रयत्न म्हणजेच आमची वही.

शेवटी मी आईला बरोबर घेऊन एक लहान खेप करायचे ठरवले. खाण्याचा पदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घेतली. ती टाळण्यासारखी गोष्ट नव्हे. मग दोन किलो शेंगदाणे घेतले. त्या पहिल्या खेपेचा हिशेब असा : शेंगदाणे २८० रुपये, तिखट, लसूण, जिरे, मीठ मिळून १२० रुपये, पिशव्या आणि लेबले ६० रुपये. एकूण ४६० रुपये. शंभर ग्रॅमची बावीस पाकिटे झाली, म्हणजे एक पाकीट सुमारे २१ रुपयांना पडले. विक्रीची किंमत ३५ रुपये. वहीच्या हिशेबाने दर पाकिटामागे १४ आणि बावीस पाकिटांवर ३०८ रुपये नफा व्हायला हवा होता.

झाले काय? तेरा पाकिटे गल्लीत आणि ओळखीत ३५ रुपयांनी गेली. त्यांचे ४५५ रुपये आले. सहा पाकिटे दुकानदाराला २८ रुपयांनी दिली. त्याने चार विकली, त्यांचे ११२ रुपये दिले आणि दोन परत केली. उरलेली तीन पाकिटे वायाच गेली, कारण उखळात कुटलेल्या शेंगदाण्याला तेल सुटते आणि आमच्या साध्या पिशवीतून ते बाहेर आले. जमा ५६७, खर्च ४६०. नफा १०७ रुपये.

हा नफा मी आईला मोठ्या अभिमानाने सांगितला. ती एवढेच म्हणाली, "आणि माझे चार तास?" मी गप्प झालो. तासाला पन्नास रुपये धरले तरी तिची मजुरी दोनशे होते. म्हणजे ९३ रुपये तोटा, गॅस वेगळाच. घरच्या माणसाचे श्रम फुकट धरून दाखवलेला नफा हा नफा नसतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आमच्या दोनशे पानांत मात्र आईच्या मजुरीची एकही ओळ नव्हती.

तोटा झाला, पण चौदा महिन्यांत न मिळालेल्या तीन गोष्टी चार दिवसांत मिळाल्या. पिशवी बदलली पाहिजे. दुकानदाराचा वाटा किमतीत धरला पाहिजे. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. तेरापैकी पाच पाकिटे माझ्या वर्गातल्या, बाहेरगावाहून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलांनी घेतली होती, आणि आठवड्यात त्यांनी पुन्हा मागितली. मेसच्या जेवणाला कंटाळलेल्या मुलाला शंभर ग्रॅम दोन दिवसही पुरत नाही. त्याला मोठा डबा हवा. ज्यांच्या शेजारी मी रोज बाकावर बसतो तेच माझे गिऱ्हाईक होते, आणि बाजारपेठेच्या अभ्यासात त्यांचे नावही नव्हते!

दुसऱ्या खेपेला पाच किलो चटणी केली आणि पाव किलोचे वीस डबे भरले. डब्यासह एकाचा खर्च ५५ रुपये, किंमत ९० रुपये, म्हणजे दर डब्यामागे ३५ रुपये उरतात. आईची सहा तासांची मजुरी ३०० आणि गॅस ४० रुपये, असे खेपेचे ठरलेले ३४० रुपये. ३४० ला ३५ ने भागले तर दहावा डबा विकला की खर्च भरून निघतो. यालाच आपण पुस्तकात 'ना नफा ना तोटा बिंदू' म्हणतो. वहीतही तो काढलेला होता, पण तिथले आकडे आमच्या मनातले होते. हे आकडे उखळातून आलेले होते. वीसही डबे गेले आणि मजुरी वजा जाता ३६० रुपये उरले.

हे वाचून कोणी म्हणेल, 'डबे विकून कोणी मोठा होतो काय?' त्यांच्यासाठी आपल्याच गावचे एक उदाहरण देतो. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर ती वाट सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे छोटे दुकान काढले. म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान असताना! सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगराची कथा तर आपण सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. लोखंडामुळे जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. ही अडचण आधी कितीही आराखडे केले असते तरी टळली नसती. नांगर घेऊन शेतकऱ्यांपुढे उभे राहिल्यावरच ती सुटत गेली. पुढे नगरपालिकेमुळे त्यांना बेळगावातील जागा सोडावी लागली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलीचे दुकान उघडताना कारखान्याच्या गावाचा नकाशा लक्ष्मणरावांच्या खिशात नव्हता. प्रत्येक कामाने पुढचे काम दाखवले.

मुंबईचे दुसरे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोच आजचा लिज्जत पापड. त्या दिवशी त्या पाच वर्षांचे पत्रक करत बसल्या असत्या तर?

याचा अर्थ नियोजन नको असा मुळीच नाही. घर गहाण टाकून, विचार न करता उडी घेणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही. जो निर्णय चुकला तर मागे घेता येतो, तो लवकर करावा. जो मागे घेता येत नाही, तो सावकाश. दोन किलो शेंगदाणे आणणे हा पहिल्या प्रकारचा निर्णय आहे. यंत्र घेणे, गाळा भाड्याने घेणे, कर्ज काढणे हे दुसऱ्या प्रकारचे. आम्ही नेमके उलटे केले होते. यंत्राचा विचार वर्षभर केला आणि शेंगदाण्याचाही विचार वर्षभरच केला.

म्हणून सुरुवातीला तीनच प्रश्नांची उत्तरे कागदावर असावीत, असे मला वाटते. या खेपेत किती पैसे बुडाले तरी घराला झळ लागणार नाही? या खेपेतून मला कोणती एक गोष्ट कळून घ्यायची आहे? आणि माल गिऱ्हाइकाच्या हातात कोणत्या तारखेला पडेल? एवढे एका पानात मावते. दुसरे पान पहिली विक्री झाल्यावर लिहावे. बाकी 'उद्यम' नोंदणीसारख्या गोष्टी धंदा उभा राहू लागला की करता येतात. तिला पैसेही पडत नाहीत.

कन्नडमध्ये एक म्हण आहे : 'कै केसरादरे बायि मोसरु.' हात चिखलाने माखले तर तोंडाला दही मिळते. आमच्या मराठी शाळेत ही म्हण नव्हती; ती मला अक्कांच्या अंगणात मिळाली. आपण दोन भाषांच्या गावात राहतो, याचा हा एक फायदाच म्हणायचा.

माझा धंदा अजून लहानच आहे. महिन्याला तीन-चार खेपा होतात. एक खेप खवट निघाली, तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांचे पैसे परत केले आणि जुने शेंगदाणे ओळखायला शिकलो. मध्यंतरी वडिलांचे माग तीन आठवडे थांबले होते. त्या सत्राची परीक्षा फी मी चटणीच्या पैशातून भरली. आईला तिची मजुरी दर खेपेला हातात मिळते. ती प्रथम घेत नव्हती, आता मोजून घेते.

दोनशे पानी वहीतली उरलेली पाने मी हिशेबाला वापरतो. परवा पुण्याहून मित्राचा फोन आला. तिथल्या खानावळीला कंटाळला आहे, दोन डबे पाठव म्हणाला. पाठवले. पैसे मात्र आधी घेतले.