डिस्क फुल झाली? बिल्डचा पसारा झाडा, पण कोठीला हात लावू नका

(एपिसोडचा लिखित मजकूर. गाडीवर किंवा बसमध्ये ऐकताना कमांड टिपता येत नाहीत, म्हणून इथं देतोय. कमांड अक्षराअक्षरानं लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. जिथं मोठं अक्षर लागतं तिथं तसं सांगितलंय.)

चांदूर बाजारवरून मी बोलतोय. प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस आले की मला एकाच प्रकारचे मेसेज येतात. "दादा, लॅपटॉपची डिस्क लाल झाली, बिल्डच होत नाही, काय डिलीट करू?" आपल्याकडं बऱ्याच पोरांजवळ सेकंडहँड लॅपटॉप असतो, १२८ किंवा २५६ जीबीचा. त्यात विंडोज, अँड्रॉइड स्टुडिओ, चार-दोन पिक्चर आणि वर सेमिस्टरचे सगळे प्रोजेक्ट. मग घाईघाईत फोटो उडवले जातात, घरातल्या लग्नाचे व्हिडिओ उडवले जातात. आणि खरी जागा खाणारा मात्र शांत बसून रायते. त्याचं नाव बिल्डचा उरलेला पसारा.

बिल्डचा पसारा म्हणजे नेमकं काय?

कोठीत ज्वारी असते आणि टोपल्यात भाकर. तुम्ही लिहिलेला कोड म्हणजे कोठीतली ज्वारी. कंपायलर, ग्रेडल, एनपीएम हे जे काही तयार करतात किंवा बाहेरून आणून ठेवतात, ती टोपल्यातली भाकर. भाकर शिळी झाली तर टाकून देता येते, ज्वारी आहे तोवर पुन्हा थापता येते. ज्वारीच टाकली तर मात्र बसा बोंबलत.

आता भाकर कोणत्या फोल्डरमध्ये असते ते बघा. जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये 'नोड मॉड्यूल्स'. रस्टमध्ये 'टार्गेट'. अँड्रॉइडमध्ये 'बिल्ड' आणि 'डॉट ग्रेडल'. फ्लटरमध्ये 'बिल्ड' आणि 'डॉट डार्ट टूल'. पायथनमध्ये 'व्हेन्व्ह' आणि 'पायकॅश'. तुमचा स्वतःचा कोड काही केबी-एमबीचा असतो, आणि त्याच्या शेजारचा हा फोल्डर सहज काहीशे एमबीचा. रस्टचा टार्गेट तर कित्येक जीबीवर जातो, कारण डीबग वेगळं, रिलीज वेगळं, आणि कंपायलर किंवा लायब्ररीचं व्हर्जन बदललं तरी जुन्या फाइल तिथंच पडून राहतात. कार्गो त्या आपणहून काढत नाही.

हे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळं होतं. युट्यूब बघून बनवलेले पाच छोटे रिॲक्ट ॲप असतील तर नोड मॉड्यूल्सही पाच. सहा महिने कोणी उघडून पाहिलं नसलं तरी जागा अडवून बसलेले.

आधी मोजा, मग झाडा

आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा याच जिल्ह्यातले, शेंडगावचे, जन्म १८७६. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि संध्याकाळी कीर्तन. आपलं काम त्या मानानं फारच छोटं आहे, पण खराटा चालवायच्या आधी कचरा कुठं साचलाय हे बघावं लागतं, ते इथंही लागू आहे.

सगळे प्रोजेक्ट ज्या फोल्डरमध्ये आहेत तिथं टर्मिनल उघडा आणि लिहा: डी-यू, स्पेस, मायनस एस-एच, स्पेस, स्टार. प्रत्येक फोल्डर किती जागा खातो ते समोर येईल. विंडोजवाल्यांनी गिट बॅश उघडावं, ही कमांड त्यात चालते. लिनक्सवर 'एनसीडीयू' नावाचं टूल टाकलं तर बाणाच्या बटणांनी आत-बाहेर करत बघता येतं. या पायरीवर काहीच डिलीट होत नाही, म्हणून बिनधास्त चालवा.

आता टूल

पहिलं, 'एनपीकिल'. फक्त जावास्क्रिप्टवाल्यांसाठी. नोड आधीच असेल तर वेगळं काही बसवायची गरज नाही: एन-पी-एक्स, स्पेस, एनपीकिल. तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात त्याच्या खालचे सगळे नोड मॉड्यूल्स शोधून ते यादी दाखवतं, प्रत्येकाचा आकार सांगतं. बाणानं खाली-वर जायचं, स्पेसबार दाबला की तो फोल्डर गेला. काही ओळींपुढं धोक्याची खूण दिसते. ते नोड मॉड्यूल्स दुसऱ्या एखाद्या बसवलेल्या ॲपचे असू शकतात. तिथं स्पेसबार दाबायचा नाही, नाहीतर ते ॲप बंद पडेल.

दुसरं, 'कोंडो'. हे रस्टमध्ये लिहिलेलं आहे आणि एकाच वेळी बऱ्याच भाषांचे प्रोजेक्ट ओळखतं. कसं ओळखतं? खुणेच्या फाइलवरून. 'कार्गो डॉट टॉमल' दिसली की हा रस्टचा प्रोजेक्ट, मग याचा टार्गेट साफ करता येईल. 'पॅकेज डॉट जेसन' दिसली की नोड मॉड्यूल्स. प्रत्येक प्रोजेक्टला थांबून विचारतं, साफ करू का? वाय किंवा एन. यातला माझ्या आवडीचा ऑप्शन म्हणजे 'मायनस मायनस ओल्डर' आणि पुढं ३ आणि मोठा एम. म्हणजे तीन महिन्यांत ज्याला हात लागला नाही असेच प्रोजेक्ट घ्यायचे. एम मोठाच हवा, लहान एम म्हणजे मिनिटं. 'मायनस मायनस ऑल' नावाचाही ऑप्शन आहे, तो न विचारता सगळं साफ करतो. नव्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

तिसरं, ज्याचं त्याचं घरचं टूल. रस्टमध्ये 'कार्गो क्लीन', फ्लटरमध्ये 'फ्लटर क्लीन', अँड्रॉइडमध्ये 'ग्रेडलडब्ल्यू क्लीन'. एकाच प्रोजेक्टपुरतं काम असेल तर हेच सगळ्यात सुरक्षित.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यातलं कुठलंही टूल रिसायकल बिनमध्ये काही टाकत नाही. गेलं ते गेलं.

भाकरीच्या टोपल्यात कोणी सोनं ठेवलं तर?

इथंच खरा घोळ होतो, म्हणून हा भाग दोनदा वाचा.

एक. फ्लटरमध्ये रिलीज एपीके बनवली की ती बिल्ड फोल्डरच्या आतच पडते. सरांना दाखवायची तीच, मित्रांना पाठवलेली तीच. फ्लटर क्लीन केलं की तीही जाते. कोड तोच असेल तर पुन्हा बनेल, पण कोड पुढं बदलला असेल तर जुनी एपीके जशीच्या तशी परत मिळेलच असं नाही. म्हणून आधी एपीके बाहेर काढून ठेवा, मग क्लीन करा.

दोन. 'गिट क्लीन'. ही कमांड बऱ्याच ठिकाणी जादूसारखी सांगितली जाते. मोठा एक्स लावला तर ती गिटनं दुर्लक्ष केलेल्या, म्हणजे गिटइग्नोरमधल्या फाइल उडवते. लहान एक्स लावला तर त्या उडवतेच, वर तुम्ही नव्या लिहिलेल्या पण अजून ॲड न केलेल्या फाइलही उडवते. एका अक्षराचा फरक, आणि आठवड्याची मेहनत साफ.

मोठा एक्सही निर्धोक नाही. गिटइग्नोरमध्ये फक्त कचरा नसतो. पासवर्ड असलेली 'डॉट ईएनव्ही' फाइल तिथंच असते. अँड्रॉइड ॲपची सही करायची किल्ली, म्हणजे कीस्टोअर, तीही बहुतेक वेळा तिथंच असते. ती गिटवर चढवायची नसते म्हणून आपणच तिला इग्नोर केलेलं असतं. टूलला मात्र कचरा आणि किल्ली सारखीच दिसते.

किल्ली गेली तर काय होते? समजा तुम्ही गावातल्या संत्राबागायतदारांसाठी हिशोबाचं ॲप बनवलं आणि एपीके व्हॉट्सॲपवरून वाटली. नव्या किल्लीनं सही केलेलं अपडेट अँड्रॉइड जुन्या ॲपवर बसूच देत नाही. जुनं ॲप काढा, मग नवं टाका, म्हणजे फोनमधला हिशोब गेला. हे शंभर जणांना समजावून सांगायचं कोणी? प्ले स्टोअरवर थोडी सोय आहे. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपना प्ले ॲप साइनिंग लागतं, त्यात खरी किल्ली गूगलकडं असते आणि तुमची अपलोडची किल्ली हरवली तर बदलून मागता येते. व्हॉट्सॲपवाल्या एपीकेला ती सोय नाही.

म्हणून गिट क्लीन वापरायचंच असेल तर आधी 'मायनस एन' लावा. त्यानं फक्त यादी दिसते, डिलीट काहीच होत नाही. ती यादी वाचा, सगळी वाचा. आणि किल्ली, ईएनव्ही फाइल प्रोजेक्टच्या बाहेर एका पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.

डेटा पॅकचा हिशोब

आता आपल्याकडचा प्रश्न. बहुतेक ट्युटोरियल घरी वायफाय असलेल्या माणसानं बनवलेले असतात. तो म्हणतो, उडवा, परत इन्स्टॉल करा. तुमच्याकडं दिवसाला दीड जीबीचा पॅक आणि फोनचा हॉटस्पॉट असेल तर हे "परत इन्स्टॉल करा" महागात पडते.

म्हणून दोन थर समजून घ्या. पहिला थर प्रोजेक्टच्या आतला: नोड मॉड्यूल्स, टार्गेट, बिल्ड. दुसरा थर होम फोल्डरमधला: 'डॉट एनपीएम', 'डॉट ग्रेडल', 'डॉट कार्गो'. दुसऱ्या थरात डाउनलोड केलेल्या पॅकेजच्या कॉपी असतात, ज्या सगळ्या प्रोजेक्टना मिळून वापरता येतात. पहिला थर झाडला आणि दुसरा ठेवला, तर पुन्हा इन्स्टॉल करताना बरंच काही त्या कॉपीतून येतं, नेटवरून नाही. एनपीएमला 'मायनस मायनस प्रिफर ऑफलाइन' सांगितलं की ते आधी घरातलं शोधतं, नसेल तरच बाहेर जातं. थोडक्यात, डेटा कमी असेल तर दुसऱ्या थराला हात लावू नका. रस्टवाल्यांसाठी सांगतो, २०२५ मधल्या १.८८ व्हर्जनपासून कार्गो या दुसऱ्या थरातलं फार दिवस न वापरलेलं आपोआप काढतं. प्रोजेक्टमधला टार्गेट मात्र तुम्हालाच झाडायचा.

'पॅकेज-लॉक डॉट जेसन' कधीच डिलीट करू नका. कोणतं पॅकेज नेमकं कोणत्या व्हर्जनचं होतं हे त्यात लिहिलेलं असतं. ती गेली तर पुन्हा इन्स्टॉल करताना नवी व्हर्जन येतील आणि काल चाललेला प्रोजेक्ट व्हायवाच्या दिवशी रुसून बसेल. व्हायवाच्या आदल्या रात्री तर सफाई करायचीच नाही.

नवा प्रोजेक्ट सुरू करत असाल तर 'पीएनपीएम' बघा. ते पॅकेज एकाच जागी साठवतं आणि प्रत्येक प्रोजेक्टला तिथून जोडतं, त्यामुळं तेच पॅकेज पाच वेळा जागा खात नाही.

फोनवर कोड करणाऱ्यांसाठी

लॅपटॉप नाही म्हणून टर्मक्सवर शिकणारेही आपल्यात आहेत. तिथंही डी-यू चालतं, एनपीएमचे प्रोजेक्ट तिथंही तसेच फुगतात. 'पी-के-जी क्लीन' लिहिलं की डाउनलोड झालेल्या पॅकेजच्या फाइल निघून जातात, बसवलेलं तसंच राहतं. पण फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन टर्मक्सचं 'क्लिअर स्टोरेज' दाबू नका. टर्मक्सचा होम फोल्डर ॲपच्या आतच असतो, तुमचा सगळा कोड त्याच्यासोबत जाईल.

एका नजरेत

डी-यू लावून मोजा. कोड गिटवर पुश झालाय का ते बघा. एपीके, किल्ली, ईएनव्ही बाहेर काढा. मग एनपीकिल किंवा कोंडो चालवा, एकेक विचारून, आणि फक्त जुन्या प्रोजेक्टवर. होम फोल्डरमधली साठवण आणि लॉक फाइल राहू द्या.

महिन्यातून एकदा दहा मिनिटं दिली तरी बहुतेकांचं भागते. तुमच्या लॅपटॉपवर सगळ्यात मोठा फोल्डर कोणता निघाला ते मला मेसेज करून सांगा, फोटो उडवायच्या आधी. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.