डिझेलचा आलेख पाहूनच पंपाला हात लावा

ट्रॅक्टर डिझेल जास्त पिऊ लागला की लगेच पंप 'सेट' करून घेण्याची घाई होते. त्यापूर्वी नोंदी पाहाव्यात.

कामाआधी सपाट जागेवर टाकी काठोकाठ भरावी. काम संपल्यावर त्याच जागी पुन्हा तेवढीच भरावी. लागलेल्या डिझेलला कामाच्या तासांनी भागावे. तारीख, काम, ताशी डिझेल व धुराचा रंग वहीत लिहून चौकटीच्या कागदावर आलेख काढावा. नांगरटीची तुलना नांगरटीशीच करावी, ऊस वाहतुकीशी नको.

रेषा चढत असेल व धूर काळा येत असेल, तर प्रथम एअर क्लीनर पाहावा. बीड जिल्ह्यात उन्हाळी नांगरटीच्या धुळीने तो लवकर चोंदतो. फरक न पडल्यास नोझलचा दाब व फवारा जाणकाराकडून तपासून घ्यावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. तेथे पंप फिरवून उपयोग नाही.

५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण निकष लागू झाले. त्यांतील अनेकांत इंजेक्शन संगणक सांभाळतो. त्याच्या नोंदी अधिकृत केंद्रातच वाचून घ्याव्यात.

ताशी अर्धा लिटर वाचला, तरी ६०० तासांत ३०० लिटर डिझेल वाचते.