हिंजवडीत नवी नोकरी? आधी निघण्याची वेळ ठरवा

टॉमटॉमच्या २०२४ च्या निर्देशांकात पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं होतं. १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं. पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कात नव्याने रुजू होणारे बहुतेक जण मॅपवर जवळचा रस्ता शोधत बसतात. माझ्या मते शोधायला हवी ती वेळ. हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातून मिनिटाला जेवढ्या गाड्या सुटू शकतात त्याहून जास्त येऊ लागल्या, की रांग वाढतच जाते आणि उशिरा येणारा साचलेल्या सगळ्या रांगेचा भार सोसतो. म्हणून रांग लागण्याआधी, वीस मिनिटं लवकर निघालं तर पुष्कळदा त्याहून जास्त वेळ वाचतो, आणि पोहोचण्याची खात्री मिळते ती वेगळीच.

‘पगार वाढलाय, सोसू’ हा युक्तिवाद मला पटत नाही. स्टुट्झर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांना जर्मनीतल्या माहितीत दिसलं, की प्रवास लांबला की समाधान घटतं आणि पगार वा घर ती कसर पूर्ण भरून काढत नाहीत. मुलांच्या शाळेमुळे मात्र लवकर निघणं अनेकांना खरंच जमत नाही. त्यांनी ऑफर स्वीकारण्यापूर्वीच उशिराची हजेरी किंवा घरून कामाचे दिवस मागून घ्यावेत, तेही लेखी.