विश्लेषण : गाडी आचके का देते? पार्ट बदलण्याआधी काय तपासावे?

घाटात पुढच्या ट्रकला मागे टाकायला ॲक्सिलरेटर दाबावा, तर गाडी क्षणभर पिकअपच घेत नाही आणि मग एकदम आचका देऊन पुढे झेपावते. तोवर समोरून एसटी आलेली असते. कधी पाय स्थिर असतानाही आरपीएमचा काटा खाली-वर होत राहतो. गॅरेजमध्ये आधी प्लग, मग कॉइल, मग फ्यूएल पंप असे एकेक पार्ट बदलले जातात. बिल वाढते, आचके मात्र तसेच राहतात. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांमधील हा दोष नेमका शोधायचा कसा?

इंजिनात नेमके काय बिघडते?

इंजिनाला हवा, इंधन आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, सेन्सरच्या मदतीने हवेचा अंदाज घेतो आणि तेवढेच पेट्रोल सोडतो. जळण कसे झाले, हे ऑक्सिजन सेन्सर त्याला कळवतो. मोजणीत न आलेली हवा आत शिरली, पेट्रोल कमी पडले किंवा ठिणगी चुकली, की इंजिनाची ताकद पडते.

दोष इंजिनाचाच आहे का?

एसी सुरू असताना कॉम्प्रेसर चालू-बंद होताना आरपीएम थोडा हलतो, ते सामान्य आहे. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असे मॅन्युअल गाडीत होत असेल तर क्लच घसरत असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी इंजिन उघडण्यात अर्थ नाही.

त्रास कधी होतो?

निदानाचा अर्धा भाग या एका प्रश्नात आहे.

- सिग्नलला उभे असताना काटा नाचतो : थ्रॉटल बॉडीत काजळी किंवा हवेच्या पाइपला, व्हॅक्यूमच्या नळीला चीर.
- चढावर किंवा वेगात ताकद कमी पडते : फ्यूएल फिल्टर, पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर.
- पावसात, दमट हवेत आचके येतात : इग्निशन कॉइल किंवा प्लगपर्यंतचे इन्सुलेशन.
- पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू झाले : इंधनात पाणी किंवा भेसळ. पावती जपून ठेवा.

सीएनजी गाडीत काय पाहावे?

येथे एक फुकटची चाचणी आहे. गाडी त्याच रस्त्यावर आधी सीएनजीवर आणि मग पेट्रोलवर चालवा. दोन्हींवर आचके आले तर हवा किंवा ठिणगीकडे पाहा. फक्त पेट्रोलवर आले तर पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर तपासा. फक्त सीएनजीवर आले तर लगेच किटला दोष देऊ नका. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि सीएनजीवर उघडा पडतो. आधी प्लग, मग किटचा फिल्टर, असा क्रम ठेवा.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही?

स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला स्कॅनर लावला की कोड मिळतो. ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पण प्लग, कॉइल की इंजेक्टर, हे कोड सांगत नाही. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावून पाहिली आणि कोड ‘पी ०३०३’ झाला, तर दोष कॉइलचा. कोड जागचा हलला नाही तर प्लगचीही अशीच अदलाबदल करता येते.

‘पी ०१७१’ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. अशा वेळी ‘फ्यूएल ट्रिम’चा आकडा पाहावा. ईसीयूला मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवावे किंवा घटवावे लागते, ते हा आकडा दाखवतो. तो सतत अधिक १० टक्क्यांच्या वर राहिला तर गडबड आहे. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत हा आकडा सिग्नलला जास्त आणि २,५०० आरपीएमला कमी असेल, तर बहुधा हवेची गळती. उलट, भार वाढल्यावर तो चढत असेल तर इंधनाचा दाब मोजून घ्यावा किंवा एमएएफ सेन्सर तपासावा.

गाडी थांबवावी कधी?

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येते. तो लुकलुकत असेल तर मिसफायर गंभीर आहे. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा पार्ट खराब होतो. वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

स्वस्त ते महाग असा क्रम ठेवा : एअर फिल्टर आणि नळ्या, थ्रॉटल बॉडीची सफाई, प्लग, कॉइल आणि सर्वांत शेवटी फ्यूएल पंप. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढा. पंप बदलायचा सल्ला मिळाला तर ‘इंधनाचा दाब किती भरला आणि किती हवा?’ एवढे विचारा. हे आकडे सांगता येत नसतील, तर दाब मोजून होईपर्यंत पंपाला हात लावू देऊ नका.