दुखत नाही, तरी दाखवायचं

शिरड शहापूरहून वसमतमार्गे नांदेडला दातांच्या डॉक्टरकडे निघालेला माणूस बहुधा गाल धरूनच एसटीत बसतो. आमचे काका मात्र ठणठणीत असताना आले होते, म्हणून त्यांची कुरकुर चालू होती. "दुखत नाई काही, मग गाडीभाडं कशाला घालायचं?"

काकांना बसवलेला इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात, नेमका इथेच फसवतो. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचा थर असतो, त्यातून दाब आणि कळ समजते. टायटॅनियमच्या स्क्रूला तो थर नसतो. तो थेट हाडाशी एकजीव होतो. भोवतालचं हाड झिजत गेलं, तरी पुष्कळदा पत्ता लागत नाही.

डॉक्टरांनी आधी दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये इम्प्लांटवरची कॅप धरून हलवून पाहिली. ती हलली नाही. हलली असती, तरी लगेच हाय खायचं कारण नसतं. कित्येकदा कॅप धरणारा आतला छोटा स्क्रूच सैल झालेला असतो, तो आवळता येतो. हाडातला इम्प्लांटच हलत असेल, तर मात्र काढावा लागतो.

मग मिलिमीटरच्या खुणांची बोथट सळई हिरडीच्या फटीत अलगद उतरली. दाब जेमतेम 25 ग्रॅमचा. "तीन, तीन, चार…" डॉक्टर आकडे सांगत होते, सिस्टर लिहून घेत होत्या. मागच्या बाजूला रक्ताचा ठिपका उमटला.

"काका, बिडी सुटली का?"

काका छताकडे बघत राहिले.

शेवटी एक्स-रे. पडद्यावर शेजारी कॅप बसवली त्या दिवसाचा जुना फोटो. स्क्रूचे किती आटे हाडाबाहेर आले, हे दोन्हीत ताडून पाहायचं. पहिल्या वर्षी हाड थोडं उतरतंच. त्यानंतर वर्षाला 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी उतरावं, हा 1986 साली स्वीडनच्या अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला निकष. एवढा फरक एका फोटोत दिसणं शक्य नाही, तो वर्षावर्षांच्या फोटोंतून कळतो. जुना फोटोच नसेल, तर 2017 सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा आधार घेतात: फट 6 मिलिमीटर किंवा जास्त, हाड 3 मिलिमीटर किंवा जास्त उतरलेलं आणि सळई लावल्यावर रक्त किंवा पू, म्हणजे आजार हाडापर्यंत पोचला.

काकांचं हाड जागेवर होतं. सूज फक्त हिरडीची, म्हणजे नीट सफाईने भरून येण्यासारखी. फटीत फिरवायचा बारीक ब्रश, साखरेची तपासणी आणि सहा महिन्यांनी पुन्हा फेरी, एवढं लिहून मिळालं. नीट टिकला तर इम्प्लांट दशकानुदशकं साथ देतो. इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांनी 1965 साली ज्या पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, त्याला ते 2006 साली मृत्यू येईपर्यंत पुरले.

म्हणून फाईल जपायची. इम्प्लांटची कंपनी, लांबी-जाडी आणि पहिला एक्स-रे, हे तीन कागद घरात हवेत. डॉक्टर गाव बदलतात, दवाखाने बंद पडतात. कागद हाताशी असले, की नव्या डॉक्टरला अंदाजावर विसंबावं लागत नाही.