कथेचे पान सजविताना

आवडत्या कादंबरीतील वा मालिकेतील पात्रे घेऊन चाहते स्वतःच्या कथा रचतात. त्यांना ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी १९६७ साली ‘स्पॉकॅनालिया’ हे हौशी नियतकालिक काढले, ते कागदावर. पुढे इंटरनेटवर ‘जिओसिटीज’सारख्या ठिकाणी फुकट जागा मिळू लागली आणि प्रत्येक जण आपल्या कथेचे पान स्वतः सजवू लागला. मागे फरशीसारखे पुनःपुन्हा येणारे चित्र, काळ्यावर जांभळी अक्षरे, लुकलुकणारे तारे! हौस दांडगी, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे काय?

मीही अशा कथा लिहिते आणि पाने सजविते. माझी पद्धत साधी आहे. मजकूर एचटीएमएलच्या फाईलीत आणि रंग, चौकटी, अक्षरांचा आकार यांच्या सूचना सीएसएसच्या वेगळ्या फाईलीत. मराठी मजकुरात ओळींमधील अंतर थोडे अधिक ठेवावे, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात.

हा वेगळेपणा केवळ सोयीचा नव्हे. २००९ च्या ऑक्टोबरात ‘याहू’ने अमेरिकेतील जिओसिटीज बंद केले. काही पाने इतरांनी जतन केली, बाकीची गेली. त्याच वर्षी चाहत्यांनीच चालविलेले ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ सर्वांसाठी खुले झाले. तेथे लेखकाला सजावट करता येते, मात्र वाचकाला ती एका बटणाने दूरही सारता येते. मला हा न्याय पटतो.

तात्पर्य, मजकुराची प्रत आपल्याजवळ असावी आणि सजावट उतरविली तरी कथा उरावी.