जुन्या डिझेल गाडीचे आयुष्य

१९९४ साली पुण्याच्या कारखान्यातून ‘टाटा सुमो’ ही डिझेलवर चालणारी दणकट गाडी बाजारात आली. टाटांच्या मोटार उद्योगाचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी लेखनातील पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन हे नाव सिद्ध झाले होते. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तथापि काश्मीर आणि अरुणाचलासारख्या डोंगराळ मुलखांत भाड्याची सामायिक गाडी म्हणजे ‘सुमो’, असे समीकरणच होऊन बसले. अशा गाडीवर ज्यांचा प्रपंच चालतो, त्यांच्यापुढे एक प्रश्न नित्य उभा असतो: ही गाडी आणखी किती वर्षे चालवावी, आणि तिच्यावर पैसा खर्च करावयाचा तो कशावर?

प्रथम इंजिनाचा विचार करू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की, आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हा दाब सोसावयाचा म्हणून इंजिनाचे सर्व भाग मुळातच जाडजूड घडवावे लागतात. त्यामुळे तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले, तर असे इंजिन लाखो किलोमीटर चालते. जुनी गाडी निकामी होते ती बहुधा इंजिन झिजल्यामुळे नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या गोष्टींकडे झालेल्या दुर्लक्षामुळे.

या दुर्लक्षातून तीन शत्रू बळावतात. पहिला शत्रू उष्णता. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतले की आत क्षार साचतात, रबरी नळ्या कडक होऊन तडकतात आणि एखाद्या घाटात पाणी उकळू लागते. तशीच गाडी रेटली तर हेड वाकते, गॅस्केट उडते आणि इंजिनाचे मोठे काम निघते. नळ्या, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप हे भाग बिघडण्याची वाट न पाहता बदलावेत. त्यांची किंमत त्या मोठ्या कामाच्या मानाने अगदीच अल्प असते.

दुसरा शत्रू इंधनातील पाणी आणि कचरा. जुने यांत्रिक पंप पुष्कळ सोसत असत. पुढील काळातील ‘कॉमन रेल’ इंजिनांत मात्र डिझेलवर वातावरणाच्या हजारपटीहून अधिक दाब असतो आणि इंजेक्टरची छिद्रे केसाच्या जाडीइतकी सूक्ष्म असतात. तेथे पाण्याचा थेंबही घातक ठरतो. म्हणून डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी नियमाने काढून टाकावे.

तिसरा शत्रू गंज, आणि तोच सर्वांत कपटी. सुमोसारख्या गाडीची बॉडी स्वतंत्र लोखंडी चासीवर बसविलेली असते. वरून रंग चकचकीत असला तरी कोकणच्या खाऱ्या हवेत चासी आतून पोखरत जाते. गाडी वर उचलून, पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर जेथे जोडलेले असतात, तेथे मिस्त्रीकडून हातोडी मारून पाहावी. लोखंड खणखणीत वाजण्याऐवजी त्याचे पापुद्रे गळू लागले, तर नव्या इंजिनावर पैसा घालणे व्यर्थ होय.

आता सुधारणांविषयी. हौशी मालकाचे लक्ष आधी ताकद वाढविण्याकडे जाते. अधिक डिझेल सोडून ताकद वाढते खरी. परंतु त्याबरोबर धूर वाढतो, हेड अधिक तापते आणि क्लच लवकर जळतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून गाडी परस्पर बदलता येत नाही. खर्चाचा क्रम असा असावा: आधी थांबणे, मग दिसणे, मग वळणे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. दीर्घ उतारावर ते उकळले की पॅडल पोकळ जाते. ते दोन वर्षांनी बदलावे. दिव्यांना जादा वॅटचे बल्ब लावून होल्डर वितळविण्यापेक्षा साध्या ६०/५५ वॅटच्या बल्बला रिलेमार्फत पूर्ण विद्युतदाब मिळू द्यावा. स्टीअरिंगचे सांधे, झिजलेले बुश आणि वय झालेले टायर बदलले की जुनी गाडी पुन्हा ताब्यात येते.

एक प्रश्न मालकाच्या खिशापलीकडचा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. दिल्ली परिसरात मात्र दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. पुढे तिच्यात फेरबदलही झाले. २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांपुढे जुन्या इंजिनाचा धूर कितीतरी अधिक विषारी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दाट वस्तीच्या शहरात रोज फिरण्यासाठी अशी गाडी राखणे समर्थनीय नाही. जेथे दुसरे वाहन पोहोचत नाही आणि नवे घेणे परवडत नाही, तेथे हिशेब वेगळा होतो.

तो हिशेब वहीत मांडावा. वर्षभराचा दुरुस्तीखर्च, गाडी बंद राहिल्याने बुडालेले दिवस आणि नव्या गाडीचा हप्ता ही तीन कलमे शेजारी लिहिली की निर्णय पुष्कळसा स्पष्ट होतो. मात्र चासी किंवा ब्रेक यांविषयी शंका असेल, तर वही मिटून गाडी उभी करावी. कारण मागच्या बाकांवर बसलेल्या माणसांनी त्या हिशेबाला संमती दिलेली नसते.